आरोग्याच्या रोजच्या सवयी: कोणत्या क्रमाने लावायच्या, कुठे चुकतं

सोमवार ठरतो. त्या दिवसापासून पहाटे उठायचं, तासभर व्यायाम करायचा, साखर बंद, रात्रीचं जेवण लवकर, झोपताना मोबाइल दूर. पहिला आठवडा दणक्यात जातो, दुसऱ्यात दोन-तीन खाडे पडतात आणि महिनाअखेरीस यातलं काहीच उरलेलं नसतं. मग ‘आपल्याला मनाचा निग्रहच नाही’ असं म्हणून माणूस गप्प बसतो, पुढचा सोमवार ठरेपर्यंत.

निग्रह बहुतेकांकडे पुरेसा असतो. चुकतो तो क्रम. सवय लावणं आणि शरीर घडवणं ही दोन निराळी कामं आहेत. दोन्ही एका दिवशी सुरू केली की शरीर दमतं आणि सवय लागायच्या आधीच सुटते. म्हणून व्यायामाचं प्रमाण कधी वाढवायचं हे या लेखात थेट सहाव्या टप्प्यात येतं. घाई असलेल्यांना ते आवडणार नाही, पण टप्पे उड्या मारून केले तर पुन्हा नव्याचे नऊ दिवसच होतील.

एका सवयीला दोन ते तीन महिने धरून चाला. लेख पूर्ण वाचा, पण आज फक्त तयारीला लागा.

## तयारी: एक आठवडा काहीही बदलू नका

### डॉक्टरांना आधी कोणी विचारायचं

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, श्रम केल्यावर छातीत दुखत असेल, मध्येच चक्कर किंवा घेरी आली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया वा बाळंतपण झालं असेल, गर्भारपण असेल, तर सुरुवात डॉक्टरांशी बोलूनच करा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. व्यायामाने रक्तातली साखर आणखी खाली जाते आणि औषधाच्या वेळा किंवा मात्रा बदलाव्या लागू शकतात. तो निर्णय स्वतःच्या मनाने घेऊ नका.

बाकीच्यांना चालण्यासारख्या हलक्या हालचालीपासून सुरुवात करायला सहसा कोणाची परवानगी लागत नाही.

### नोंद आणि चार मापं

सात दिवस एका वहीत पाच गोष्टी लिहा: झोपायला कधी गेलात, उठलात कधी, सलग किती वेळ बसलात, चालणं किती झालं आणि भूक नसतानाही काय-काय खाल्लं. सुधारणा करू नका. नोंद ठेवायला लागलं की आपोआप शहाण्यासारखं वागायची इच्छा होते, ती आवरा. खरा दिवस कसा जातो हे कळलं नाही, तर पुढच्या टप्प्यात सवय कुठे बसवायची तेही कळणार नाही.

याच आठवड्यात चार मापं घेऊन तारखेसह लिहून ठेवा:

- नाडी. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच, मनगटावर, पूर्ण एक मिनिट मोजा. प्रौढांमध्ये विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० ठोके सर्वसाधारण मानले जातात. सतत १०० च्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवा.
- कंबरेचा घेर. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. श्वास सहज सोडा आणि मापा. पोट आत ओढून घेतलेलं माप पुढे तुम्हालाच फसवेल.
- खुर्चीवरून उठणं. भिंतीला टेकवलेली, साधारण गुडघ्याइतक्या उंचीची खुर्ची घ्या. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा.
- वजन. सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी.

यातलं मला सर्वांत उपयोगी वाटतं ते तिसरं माप. पायांत किती ताकद आहे ते त्यातून थेट दिसतं, आणि व्यायाम नियमित झाला तर ते वजनाच्या काट्याआधी बदलतं.

तपासा: सात दिवसांच्या नोंदी आणि चार मापं लिहिलेली आहेत? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: एकच सवय निवडा

‘वजन कमी करायचं’, ‘फिट व्हायचं’ या सवयी नाहीत. ही फळं आहेत, आणि कधी मिळतील ते आपल्या हातात नाही. सवय म्हणजे आज करता येईल आणि रात्री वहीत ‘केलं’ किंवा ‘नाही केलं’ असं एका शब्दात लिहिता येईल अशी कृती. ‘जास्त चालायचं’ हे तसं लिहिता येत नाही. ‘दुपारच्या जेवणानंतर चालायचं’ हे येतं.

निवड नोंदींवरून करा. झोप रोज सहा तासांच्या आत असेल तर झोप आधी (ती कशी सुधारायची ते टप्पा ८ मध्ये), कारण अपुऱ्या झोपेवर घातलेला व्यायाम टिकत नाही आणि भूकही आवरत नाही. झोप बरी असून दिवस बसण्यात जात असेल तर चालणं. चालणं आधीपासून होत असेल तर ताकदीचे व्यायाम. जेवणातला बदल मी पहिला घ्यायला सांगत नाही. जेवण दिवसातून तीन-चारदा समोर येतं, त्यात घरातली इतर माणसं गुंतलेली असतात आणि मोडायच्या संधी फार.

नेहमीची चूक: ‘माझी तयारी चांगली आहे, मी दोन एकदम घेतो.’ दोन्ही चालल्या तर कशामुळे चालल्या ते कळत नाही, आणि पहिली सुटली की दुसरीही तिच्याबरोबर जाते.

## टप्पा २: सवयीला खूण द्या

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, त्यामुळे इथे जरा थांबू.

‘रोज चालायचं’ एवढं ठरवणं पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा स्वरूपाच्या योजनांवर संशोधन केलं. नुसत्या इराद्यापेक्षा अशा योजना प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता जास्त असते, असं त्यातून आणि नंतरच्या अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. कारण साधं आहे: कधी आणि कुठे करायचं हा निर्णय आधीच झालेला असतो. ऐन वेळी मनाशी वाटाघाटी कराव्या लागत नाहीत.

वाक्य असं लिहा: ‘[रोज घडणारी गोष्ट] संपली की मी [जागी] [कृती] करीन.’ उदाहरणार्थ, ‘दात घासून झाले की मी खोलीतल्या खुर्चीपाशी उठबस करीन.’

चांगल्या खुणेच्या अटी चार:

१. ती रोज घडते, सुट्टीच्या दिवशीही.
२. तिचा शेवट स्पष्ट असतो. दात घासणं संपतं. ‘सकाळची कामं’ संपत नाहीत.
३. ती संपते तेव्हा तुम्ही कृतीच्या जागेजवळ असता.
४. त्या वेळी अंगात थोडं तरी बळ उरलेलं असतं.

गजर ही खूण म्हणून कच्ची आहे. पहिले काही दिवस तो ऐकू येतो, नंतर हात आपोआप तो बंद करतो आणि डोक्यापर्यंत काही पोहोचतच नाही. ‘वेळ मिळाला की’ ही तर खूणच नव्हे. ‘कामावरून घरी आल्यावर’ ही वरवर चांगली वाटते, पण घरी येण्याची वेळ हलते आणि आल्यावर माणूस बसतो. बसलेल्याला उठवणं हे निराळंच काम होऊन बसतं. ती खूण वापरायचीच असेल तर घरात पाऊल टाकण्याआधीची करा: दाराशी पोहोचलो की आत न जाता आधी चालून यायचं.

सूचना: सुट्टीचा दिवस वेगळा जात असेल तर त्याच्यासाठी दुसरं वाक्य आत्ताच लिहून ठेवा. सवयी मोडतात त्या बऱ्याचदा शनिवार-रविवारी.

## टप्पा ३: किमान माप ठरवा

आता कृती किती करायची. उत्तर ऐकून हसू येईल इतकं कमी: पाच मिनिटं चालणं, पाच उठाबशा, दोन मिनिटं अंग ताणणं.

माप ठरवताना चांगला दिवस डोळ्यांसमोर आणू नका. कामाचा ढीग, डोकं दुखतंय, घरात पाहुणे, बाहेर पाऊस, असा वाईटातला वाईट दिवस आठवा आणि विचारा: त्या दिवशी हे झालं असतं? उत्तर ‘हो, कसंबसं’ असेल तर माप बरोबर. ‘बहुधा’ असेल तर ते निम्मं करा.

‘पाच मिनिटांनी काय होणार?’ हा प्रश्न हमखास येतो. शरीराला फार काही होणार नाही, खरं आहे. पण या काळात शरीर हे उद्दिष्टच नाही. खूण दिसली की पाय उचलले जाणं, एवढंच इथे शिकायचं आहे. ज्यांना ही हजेरी कमीपणाची वाटते, तेच सहसा तिसऱ्या आठवड्यात गायब होतात.

एखाद्या दिवशी उत्साह असेल तर जरूर जास्त करा. वहीत ‘केलं’ मात्र किमान मापासाठीच लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशीचं माप तेच राहतं. काल वीस मिनिटं झाली म्हणून आज वीस मिनिटांचं देणं लागत नाही.

धोका: पहिल्या दोन आठवड्यांत किमान माप वाढवू नका. ते सोपं वाटायला लागतं ही वाढवण्याची खूण नाही, ते जमत असल्याची खूण आहे.

## टप्पा ४: वाटेतलं आवरून ठेवा

हा टप्पा एका संध्याकाळचा. बूट आणि मोजे दाराशी. खुर्ची जागेवर. व्यायामाचे वेगळे कपडे लागत असतील तर रात्रीच काढून ठेवलेले. झोपेची सवय निवडली असेल तर मोबाइलचा चार्जर झोपायच्या खोलीबाहेर. आणि वही अशा जागी, जिथे ‘केलं’ लिहायला उठून शोधाशोध करावी लागणार नाही.

नवीन यंत्रं, महागडं घड्याळ, व्यायामशाळेचं वर्षभराचं सदस्यत्व इतक्यात घेऊ नका. खरेदी केली की काम सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्या समाधानावर पुढचे आठ दिवस निघून जातात.

### दोन आठवड्यांनी तपासा: विसरलात की टाळलंत?

वहीत चौदापैकी किमान अकरा दिवस ‘केलं’ आहे? मग पाचव्या टप्प्याकडे जा.

नसेल, तर प्रत्येक खाड्यापुढे एक शब्द लिहा: ‘विसरलो’ किंवा ‘टाळलं’. स्त्री असो वा पुरुष, या दोन शब्दांत सगळं येतं. लोक इथे चुकीचा इलाज करतात. विसरणाऱ्याने माप कमी करून उपयोग नाही. त्याला खूण बदलावी लागेल, टप्पा २ पुन्हा. आणि आठवत असूनही टाळणाऱ्याने आणखी चार गजर लावून काही होणार नाही. त्याचं माप मोठं आहे किंवा वेळ दमलेली आहे, टप्पा ३ पुन्हा. दोन्ही प्रकार मिसळलेले असतील तर आधी खूण दुरुस्त करा.

बदल एका वेळी एकच करा आणि पुन्हा दोन आठवडे द्या. यात कमीपणा काही नाही. पहिल्याच फेरीत खूण आणि माप दोन्ही नेमके जुळणं हा अपवाद असतो.

## टप्पा ५: खाडा पडला तर

२१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं. त्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचं नुकसान बाविसाव्या दिवशी होतं. अजूनही जोर लावावा लागतोय म्हणजे आपल्यातच काही बिघाड आहे, असं त्यांना वाटतं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात कृती आपसूक व्हायला लागलेला काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा पसरलेला निघाला. मध्यक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त काळ लागतो तो आकडा, होता ६६ दिवसांचा. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर बसल्या, व्यायामाच्या सवयींना जास्त वेळ लागला.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे: एखाद्या दिवशी चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे एक खाडा निरुपद्रवी आहे. त्यानंतर आपण काय करतो त्यातून नुकसान होतं.

- लागोपाठ दुसरा खाडा पडू देऊ नका. दुसऱ्या दिवशी किमान माप, तेही जमलं नाही तर त्याचंही निम्मं, पण खुणेच्या वेळी उठायचं.
- भरपाई करू नका. आज चुकलं म्हणून उद्या दुप्पट, हा शिक्षेचा हिशेब झाला. शिक्षा वाटणारी गोष्ट मन लवकरच टाळायला लागतं.
- ताप असताना व्यायाम नाही. तो खाडा धरायचाच नाही. वहीत ‘आजारी’ लिहा.

सलग किती दिवस झाले हे मोठ्या आकड्यात दाखवणाऱ्या अ‍ॅपबद्दल मला शंका आहे. आकडा वाढत असतो तोवर ठीक. तो शून्यावर आला की अनेक जण अ‍ॅपही काढून टाकतात आणि सवयही. महिन्यातले एकूण दिवस मोजा.

## टप्पा ६: वाढवा, पण या क्रमाने

साधारण सहा आठवड्यांनंतर, खुणेपाशी फारसा विचार न करता पाय उचलले जात असतील, तर आता शरीराकडे वळा.

कुठे पोहोचायचं ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस श्रमाची हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. एका वेळी निदान दहा मिनिटं झाली तरच ती मोजायची, ही जुनी अट आता नाही. चार मिनिटं जिने चढलात तर तीही धरा.

मध्यम श्रम म्हणजे किती? यंत्र नको. बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. आरामात गाता येत असेल तर वेग वाढवा. रक्तदाब किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे मंद राहते, त्यामुळे त्यांनी ठोक्यांच्या आकड्यापेक्षा ही बोलण्याची कसोटीच वापरावी.

आता क्रम:

१. आधी दिवस. किमान माप आठवड्यातून पाच-सहा दिवस होऊ द्या.
२. मग मिनिटं. दर आठवड्याला रोजच्या वेळेत दोन ते तीन मिनिटं वाढवा. पाच मिनिटांवरून तीसवर यायला अडीच-तीन महिने लागतील. लागू द्या.
३. शेवटी जोर. वेग, चढ, वजन. आणि तेही आठवड्यातल्या एका-दोन दिवशी.

एका आठवड्यात या तिन्हींपैकी एकच गोष्ट वाढवायची. दर चौथा आठवडा थोडा हलका ठेवा.

हा क्रम उलटा केला की दुखापत होते, आणि ती सहसा पहिल्या आठवड्यात होत नाही. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे मात्र सावकाश तयार होतात. महिना-दीड महिन्यानंतर माणसाला भरपूर जोर आल्यासारखं वाटतं, तो धावायला लागतो, आणि टाच, नडगी किंवा गुडघा बोलायला लागतो. दम पुरतोय म्हणजे सांधे तयार आहेत, असा अर्थ काढू नका.

दुखणं कोणतं ते ओळखा. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस दोन्ही बाजूंना सारखं, बोथट दुखतं, हालचाल केली की मोकळं होतं, ते चालेल. एकाच बाजूला, सांध्यात, सुईसारखं टोचणारं, किंवा चालताना वाढत जाणारं दुखणं असेल तर तो व्यायाम थांबवा. आठवडाभरात कमी झालं नाही तर दाखवा.

तात्काळ थांबा: छातीत दाब किंवा दुखणं, हातात वा जबड्यात पसरणारी कळ, श्रमाच्या मानाने फारच धाप, डोळ्यांपुढे अंधारी. बसा, मदत मागवा. ‘थोडं थांबून बघू’ इथे नको.

## टप्पा ७: ताकदीचे दोन दिवस

चालणारे लोक बहुधा इथेच थांबतात. ‘मी रोज चालतो’ हे उत्तर अर्धंच आहे. वय वाढतं तसे स्नायू घटत जातात आणि ते राखायला त्यांच्यावर भार टाकावा लागतो. सपाट रस्त्यावर चालताना तेवढा भार पडत नाही.

आठवड्यातले दोन दिवस घ्या, मध्ये निदान एक दिवस मोकळा. ही नवी सवय आहे, म्हणून टप्पा २ आणि ३ हिलाही लागू: खूण हवी, किमान माप हवं. सुरुवातीला पुढचे चार प्रकार पुरे:

- खुर्चीवर उठबस. दोन पायांत खांद्याइतकं अंतर, टाचा जमिनीला घट्ट. नितंब मागे नेत सावकाश टेका, धपकन बसू नका. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर खुर्ची थोडी उंच घ्या.
- भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ. कंबर आत जाऊ देऊ नका. सोपं झालं की टेबलाचा काठ, मग जमीन.
- कमरेतून वाकणं. पाठ सरळ ठेवून नितंब मागे ढकलायचे, गुडघे किंचित वाकलेले. आधी रिकाम्या हाताने, नंतर हातात वजन. जमिनीवरून वस्तू उचलतानाही हीच पद्धत.
- ओझं घेऊन चालणं. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या, खांदे सैल, पाठ ताठ.

पहिले तीन प्रकार प्रत्येकी आठ ते बारा वेळा करा, चौथा अर्धा ते एक मिनिट. सुरुवातीला एकच फेरी, महिन्याने दोन. अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटत असतानाच थांबा. बारा वेळा सहज जमायला लागलं की प्रकार थोडा अवघड करा, आकडा तीसपर्यंत नेऊ नका.

सर्वांत जास्त दिसणारी चूक: जोर लावताना श्वास कोंडून धरणं. त्याने रक्तदाब एकदम चढतो. उठताना, ढकलताना श्वास सोडा.

पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस जोडावेत, उदाहरणार्थ ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला हात लावून एका पायावर उभं राहणं. हाताचा आधार सुटायची घाई नको.

## टप्पा ८: झोप, उठण्याच्या वेळेपासून

झोप सुधारताना लोक झोपायची वेळ पकडतात. ती पकडता येत नाही. ठरवून डोळा लागत नाही. उठायची वेळ मात्र ठरवता येते. आठवड्याचे सातही दिवस तीच ठेवा, सुट्टीला फार तर तासाभराची सूट. उठल्यावर लवकर उजेडात जा. रात्रीची झोप काही दिवसांत आपोआप अलीकडे सरकते.

प्रौढांना सात तास किंवा अधिक झोप लागते. चहा-कॉफीतल्या कॅफिनपैकी निम्मं अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणून दुपारनंतरचा कप ही पहिली काढायची गोष्ट. अंथरुणात वीसेक मिनिटं नुसतं पडून राहिलात तर उठा, मंद उजेडात काहीतरी संथ करा, पेंग आली की परत या. घड्याळाकडे बघू नका.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा डुलक्या असं सगळं एकत्र असेल तर सवयींनी ते सुटणार नाही. डॉक्टरांकडे जा.

## टप्पा ९: जेवणात आधी भर, मग कपात

‘बंद’ या शब्दाने सुरू झालेला आहार फार दिवस चालत नाही. आधी ताटात काहीतरी वाढवा. फळं आणि भाज्या मिळून दिवसाला निदान ४०० ग्रॅम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे (बटाट्यासारखे कंद त्यात मोजत नाहीत). दिवसातलं एकच जेवण निवडा आणि त्यात ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा करा. तो स्थिरावला की प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक तरी पदार्थ आहे का ते बघा: डाळी, कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे, जे चालत असेल ते. पोट भरलेलं राहिलं की कपात सोपी जाते.

कपात करताना पहिला नंबर गोड पेयांचा. त्यांनी पोट भरत नाही आणि साखर मात्र भरपूर जाते. वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरींच्या आहारात ही साखर ५० ग्रॅम होते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, आणि त्यात तयार पदार्थांतलं मीठही आलं.

व्यायाम केला म्हणून बक्षीस खायचं, हा हिशेब जवळजवळ नेहमी तोट्यात जातो. अर्ध्या तासाचं चालणं एका गोड पदार्थात भरून निघतं.

तंबाखू आणि दारू सोडण्यासाठी हा लेख पुरणार नाही. तिथे वैद्यकीय मदत घेतलेली बरी. आणि रोज भरपूर दारू घेणाऱ्याने ती एकदम तोडणं धोक्याचंही ठरू शकतं.

## पुढची सवय कधी घ्यायची

तीन प्रश्न विचारा. खूण आल्यावर करू की नको अशी चर्चा मनात अजून होते का? एखादा प्रवास, आजारपण किंवा कामाचा कठीण आठवडा येऊनही ही सवय परत सुरू झाली का? आणि गेल्या महिन्यात पंचवीसच्या आसपास दिवस झाले का? (ताकदीच्या व्यायामासाठी आठापैकी सात.) पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि उरलेल्या दोहोंचं ‘हो’ असेल तरच पुढची घ्या. दुसरा प्रश्न लोक गाळतात. कधीच न मोडलेली सवय किती पक्की आहे हे सांगता येत नाही.

दर तीन महिन्यांनी तयारीच्या आठवड्यातली चारही मापं त्याच पद्धतीने पुन्हा घ्या. वजन रोज बघत असाल तर आठवड्याची सरासरी काढा. पाणी, मीठ, पोटातलं अन्न यांमुळे ते दिवसागणिक किलो-दीड किलो सहज हलतं. वजन जागचं हललं नाही पण उठबशीचा आकडा वाढला, कंबर थोडी उतरली, नाडी मंदावली, तर काम बरोबर चाललं आहे. काही बदलू नका. चारही मापं सहा महिने जशीच्या तशी असतील तर सवय आहे पण मात्रा कमी पडते आहे, टप्पा ६ कडे परत या.

## मोठ्या खंडानंतर परत सुरू करताना

दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. खूण जुनीच ठेवा, ती अजून ओळखीची असते. वेळ आणि वजन निम्म्यावर आणा, पहिला आठवडा तेवढंच करा, मग दोन-तीन आठवड्यांत पूर्वीच्या जागी या. दीड-दोन महिन्यांहून मोठा खंड असेल, किंवा घर, नोकरी, कामाची पाळी असं काही बदललं असेल, तर जुनी खूणच राहिलेली नसते. तेव्हा जुन्या वेळेला चिकटून न बसता दोन दिवस नव्या दिनक्रमाची नोंद करा, त्यातून नवं वाक्य लिहा आणि किमान मापापासून सुरू करा. शरीराची तयारी पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत येते, त्यामुळे सहावा टप्पा गाठायला या वेळी सहा आठवडे लागतीलच असं नाही. मात्र आजारपणामुळे खंड पडला असेल तर कितपत श्रम चालतील हे आधी डॉक्टरांना विचारून घ्या.